ओल्ड फेथफुलला जाताय? आधी प्रदर्शन, मग फवारा

दर उन्हाळ्यात हेच होतं. मुलांकडे अमेरिकेला आलेले आई-बाबा, दोन नातवंडं आणि भाड्याची सात सीटर गाडी. सकाळी अकराच्या सुमाराला यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या फवाऱ्याच्या पार्किंगमध्ये जागेसाठी घिरट्या, मग धावतपळत बाकांपर्यंत, तासभर उन्हात बसणं, चार मिनिटांचा फवारा, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तोच व्हिडिओ, आइस्क्रीम आणि परत गाडी. घरी आल्यावर सासरे विचारतात, "पण ते पाणी उडतं कशानं?" ते समजावणारं प्रदर्शन शंभर पावलांवर होतं, पण कुणी आत गेलंच नाही.

मी सॉल्ट लेक सिटीत राहतो. आलेल्या पाहुण्यांना यलोस्टोनला नेणं हे माझं ठरलेलं काम, आणि पहिल्या दोन खेपांना मीही वरचीच चूक केली. गडबड होते ती क्रमात. तो सुधारला तर त्याच एका दिवसात दुप्पट बघून होतं.

पुढे "गायझर" लिहिलंय ते जमिनीतून उसळणाऱ्या फवाऱ्याला. बाथरूममधला गीझर वेगळा. आपण जाणार ते मैदान म्हणजे अप्पर गायझर बेसिन. उंची साधारण २,२४० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा सुमारे ६०० मीटर जास्त. गाडी थेट दारात जाते, त्यामुळे आपण एवढे वर आलोय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. पहिली गफलत तिथेच होते.

टप्पा १ : निघण्याआधी चार गोष्टी

तारीख. उद्यानातले बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला गाड्यांसाठी बंद होतात ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. हिवाळ्यात ओल्ड फेथफुलपर्यंत फक्त बर्फावर चालणाऱ्या बसने किंवा स्नोमोबिलने जाता येतं. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं. आई-बाबांना घेऊन जायचं तर जूनचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य. त्यातही शाळा सुरू झाल्यानंतरचा सप्टेंबर मला सगळ्यात आवडतो.

पास आणि शुल्क. प्रवेशाचा पास सात दिवस चालतो. मात्र २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी आणि परदेशी पाहुणे यांच्यासाठी शुल्काचे नियम वेगळे झालेत. गाडीत भारतीय पासपोर्टवर आलेलं कुणी असेल तर निघण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर चालू नियम वाचा, आणि फोटो असलेली ओळखपत्रं डिकीतल्या बॅगेत न टाकता हाताशी ठेवा. गेटवर मागे रांग लागलेली असताना डिकी उपसण्याचा प्रसंग मी अनुभवलाय.

अ‍ॅप. नॅशनल पार्क सर्व्हिसचं अ‍ॅप घरूनच उतरवा, त्यात यलोस्टोन निवडा आणि माहिती ऑफलाइन साठवून ठेवा. उद्यानात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. ओल्ड फेथफुलला असते, पण दुपारी हजारो माणसं एकाच वेळी व्हिडिओ पाठवायला लागली की असून नसल्यासारखी.

काय बंद आहे? जुलै २०२४ मध्ये जवळच्याच बिस्किट बेसिनमध्ये गरम पाण्याचा भूमिगत स्फोट झाला, दगड उडाले, लाकडी पायवाट मोडली आणि तो भाग लोकांसाठी बंद झाला. हे मैदान असं बदलत राहतं. जुन्या ब्लॉगवरचा नकाशा वापरू नका, त्या आठवड्याची सूचना वाचा.

तपासा: घरातल्या कुणाला दमा, हृदयाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर एवढ्या उंचीबद्दल डॉक्टरांशी बोलणं झालंय का? समुद्रसपाटीवरून थेट येणाऱ्याला पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागू शकते. मी पाहुण्यांना विमानतळावरून त्याच दिवशी वर नेत नाही, एक रात्र मध्ये ठेवतो.

टप्पा २ : आदल्या रात्रीची पिशवी

मुक्काम वेस्ट यलोस्टोन गावात असेल तर ओल्ड फेथफुल ४८ किलोमीटर. वाटेत गवे (इथले बायसन) रस्त्यावर आले नाहीत तर पाऊण-एक तास, आले तर त्यांच्या मर्जीप्रमाणे. पिशवी रात्रीच भरा:

- माणशी किमान दीड लिटर पाणी. उंचीवरची हवा कोरडी असते, घाम कळत नाही.
- स्वेटर आणि वाऱ्याचं जाकीट, जुलैतसुद्धा. सकाळी हात गारठतात, दुपारी ऊन भाजतं आणि चारला गडगडाट होऊन पाऊस येतो.
- पकड असलेले बूट. वाफेने ओल्या झालेल्या फळ्यांवर चप्पल घसरते.
- हनुवटीखाली बांधता येईल अशी टोपी. कारण टप्पा ६ मध्ये येईल.
- चष्मा आणि कॅमेऱ्यासाठी मऊ फडकं.
- खाणं. शाकाहारी माणसाला इथे सँडविच आणि फ्राइज यापलीकडे फारसं काही मिळेल असं धरू नका. दशम्या, थेपले, कोरडी चटणी, लाडू.

सावधान: खाण्याची पिशवी बाकावर ठेवून फोटो काढायला जाऊ नका. अस्वलांमुळे नियम कडक आहेतच, पण इथले कावळेही बॅगेची चेन उघडतात. गंमत नाही, खरंच उघडतात.

टप्पा ३ : पोहोचल्यावरची पहिली पाच मिनिटं

साडेआठ-नऊपर्यंत पार्किंगमध्ये शिरा. दहानंतर जागा मिळणं नशिबावर. गाडी लावली की गायझरकडे धावू नका, सरळ व्हिजिटर एज्युकेशन सेंटरमध्ये जा.

आत गेल्या गेल्या गायझरच्या अंदाजांचा फलक दिसतो. त्याचा फोटो काढा. रेंजर (उद्यानाचे रक्षक) मोजक्याच गायझरच्या वेळा वर्तवतात: ओल्ड फेथफुल, कॅसल, ग्रँड, डेझी, रिव्हरसाइड आणि काही किलोमीटरवरच्या लोअर बेसिनमधला ग्रेट फाउंटन. बाकीचे शेकडो आपल्या मनाचे राजे.

अंदाज वाचताना बहुतेक जण वेळ बघतात आणि तिच्याशेजारचा "अधिक-उणे" आकडा सोडून देतात. महत्त्वाचा तोच. ओल्ड फेथफुल दहापैकी नऊ वेळा सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं मागेपुढे उडतो. ग्रँडच्या बाबतीत हेच मागेपुढे तासाच्याही वर जातं. म्हणजे ग्रँड "दुपारी एक" लिहिलंय म्हणून पावणेएकला गेलात तर तो बाराला उडून गेलेलाही असू शकतो.

आणखी एक. ओल्ड फेथफुलचा फक्त पुढचाच अंदाज मिळतो. "संध्याकाळी पाचला कितीला उडेल?" हे रेंजरला विचारू नका, ते सांगता येत नाही. का, ते पुढे.

तपासा: फलकाचा फोटो, सगळ्यांचं स्वच्छतागृह, बाटल्या भरून घेणं. पुढे दोन-तीन तास पायवाटेवर जाणार आहेत.

टप्पा ४ : प्रदर्शन, आणि तेही गर्दीच्या उलट

हे केंद्र ऑगस्ट २०१० मध्ये उघडलं. उंच काचेच्या भिंतीतून समोर ओल्ड फेथफुल दिसतो. म्हणूनच गर्दीची भरती-ओहोटी फवाऱ्यावर ठरते. फवारा संपला की सगळे आत घुसतात आणि हॉलची लोकल होते. पुढच्या फवाऱ्याला अर्धा तास उरला की सगळे बाहेर जाऊन बाकं धरतात आणि हॉल रिकामा. तेव्हा आत राहा. एक फवारा सोडून द्यायची तयारी ठेवा, दीड तासाने तो परत येणारच आहे. नातवंडं कुरकुरतात, त्यांना हे आधीच समजावून ठेवा.

आत काय बघायचं, त्यालाही क्रम आहे.

आधी चार प्रकार ओळखायला शिका. गरम झरा, गायझर, चिखलाचं कुंड आणि वाफेचं भोक. मुळात वेगळेपण येतं ते पाणी किती आहे आणि वर यायची वाट कशी आहे यावर. पाणी मुबलक आणि वाट मोकळी असेल तर झरा. वाटेत चिंचोळी जागा असेल तर गायझर. पाणी थोडं आणि आम्लधर्मी, दगडाला विरघळवून त्याचा चिखल करणारं, तर चिखलकुंड. पाणी वर येईपर्यंत सगळंच उकळून गेलं तर नुसती वाफ. एवढं डोक्यात बसलं की बाहेर प्रत्येक पाटी वाचायची गरज उरत नाही.

मग गायझरच्या नळीचं प्रारूप. मुलांच्या 'यंग सायंटिस्ट' दालनात त्याची गंमत आहे आणि मोठ्यांनी तिथे जायला लाजू नये. घरात समजावताना मी कुकरचं उदाहरण देतो. खोल नळीत खालच्या पाण्यावर वरच्या पाण्याचा भार असतो, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. वरून थोडं पाणी सांडलं की भार हलका होतो, खालच्या पाण्याची एकदम वाफ होते आणि ती सगळंच बाहेर फेकते. ओल्ड फेथफुलच्या नळीत सुमारे सात मीटर खाली एक जागा आहे, जेमतेम ११ सेंटीमीटर रुंद. माझ्या तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडीशीच जास्त. सगळा खेळ त्या चिंचोळ्या जागेचा. या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, हेही इथे लक्षात घ्या. कॅम्पवर उघड्या पातेल्यात डाळ का शिजत नाही, हे सासूबाईंना तिथेच पटतं.

यानंतर दगड. सह्याद्रीचा काळा बेसाल्टही ज्वालामुखीतूनच आलेला, मग आपल्याकडे फवारे का नाहीत, हा प्रश्न मराठी माणूस हमखास विचारतो. वज्रेश्वरी आहे, गणेशपुरी आहे, दापोलीकडचं उन्हवरे आहे, पण तिथलं पाणी शांत. यलोस्टोनखाली एक तर उष्णता उथळ आणि प्रचंड. शिवाय इथला खडक रायोलाइट, त्यात सिलिका (वाळूत आणि काचेत असते ती) बेसाल्टपेक्षा खूप जास्त. गरम पाणी ती विरघळवून वर आणतं आणि नळीच्या आतून तिचा टणक लेप बसतो. तो लेपच नळीला दाब पेलण्याइतकी घट्ट करतो. बाहेर गायझरच्या तोंडाभोवती राखाडी-पांढरा खरबरीत थर दिसतो तो हाच.

शेवटी रंग आणि जिवाणू. रंग खनिजांचे असतात असं बहुतेक जण गृहीत धरतात, पण पिवळा-केशरी पट्टा बहुतांशी जिवंत असतो. सुमारे ७३ अंशांच्या वर प्रकाशसंश्लेषण करणारं काही तगत नाही, म्हणून कुंडाचा मधला सगळ्यात गरम भाग स्वच्छ निळा आणि पाणी निवत जाईल तसे कडेला पिवळा, केशरी, तपकिरी. थोडक्यात, रंग हा थर्मामीटर आहे. इथल्याच लोअर बेसिनमधून थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी १९६६ मध्ये 'थर्मस अ‍ॅक्वाटिकस' हा जिवाणू मिळवला. त्याच्यातलं उष्णता सोसणारं विकर पुढे पीसीआर चाचणीच्या कामी आलं. कोविडच्या काळात नाकात काडी घालून घेतलेली प्रत्येकाला आठवते, त्यामुळे या पाटीपाशी घरचे जरा जास्त वेळ थांबतात.

मुलांसाठी ज्युनिअर रेंजरची पुस्तिका इथेच घ्या, शेवटी नको. ती बाहेर फिरता फिरता भरायची असते. निघताना घेतली तर गाडीत आई-बाबा उत्तरं सांगतात आणि मुलं लिहितात.

तपासा: बाहेर पडण्याआधी मुलांना एकच प्रश्न विचारा, "झरा आणि गायझर यात फरक कशाचा?" उत्तर "वाटेचा" आलं की निघा.

टप्पा ५ : ओल्ड फेथफुल

पंधरा-वीस मिनिटं आधी गेलात तर पुरे. पुढच्या बाकाचा हट्ट नको, फवारा ३२ ते ५६ मीटर जातो, मागूनही दिसतो. महत्त्वाचा वारा. वाफ ज्या दिशेला वाहतेय त्या बाजूला बसलात तर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसणार नाही.

सुरुवातीला दोन-चार फुटांचे उसासे येतात. लोक रेकॉर्डिंग सुरू करतात, थांबवतात, परत सुरू करतात आणि खऱ्या वेळी मोबाइल खिशात असतो. ते उसासे म्हणजे वरून पाणी सांडून भार हलका होणं, प्रारूपात पाहिलेलंच.

आता घड्याळ लावा. फवारा किती वेळ टिकला ते मोजा. अडीच मिनिटांच्या आत आटोपला तर पुढचा लवकर, तासाभरात. त्याहून लांबला तर नळी भरायला वेळ लागतो, पुढचा दीड तासाने. रेंजर हेच करतात, आणि त्यामुळेच एका फवाऱ्याच्या पुढचं सांगता येत नाही. मुलांकडून अंदाज लिहून घ्या आणि नंतर अ‍ॅपशी ताडून बघा. आमच्याकडे यावर आइस्क्रीमची पैज लागते.

भारतातल्या घरच्यांना दाखवायचं असेल तर व्हिडिओ पाठवत बसण्यापेक्षा लाइव्ह वेबकॅमची लिंक द्या. इथे उन्हाळ्यात सकाळचे दहा म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेनऊ.

टप्पा ६ : लाकडी पायवाट

फवारा संपताच गर्दी पार्किंगकडे वळते. तुम्ही उलट्या दिशेला, गायझर हिल ही टेकडी आणि मॉर्निंग ग्लोरी या कुंडाकडे चालायला लागा. मॉर्निंग ग्लोरी केंद्रापासून साधारण सव्वादोन-अडीच किलोमीटर, तेवढंच परत. ज्यांना जमत नाही त्यांनी कॅसलपर्यंत जाऊन वळावं.

सावधान: फळी सोडायची नाही. कुणीही, एक पाऊलही. पांढरी जमीन घट्ट दिसते, पण काही ठिकाणी ती पापडासारखी असते आणि खाली उकळतं पाणी. यलोस्टोनच्या गरम पाण्याने भाजून आजवर २० हून अधिक माणसं गेली आहेत. लहान मुलाचा हात धरायचा म्हणजे धरायचाच, "जवळ राहा" म्हणून भागत नाही.

इथे आपल्या सवयी आड येतात. वज्रेश्वरीच्या कुंडात आपण हात-पाय बुडवतो, देवाच्या पाण्यात नाणं टाकतो. माझ्या एका मावशीने मॉर्निंग ग्लोरीपाशी पर्समधून रुपया काढलाच होता. तिथल्या पाटीवरच कारण आहे: लोकांनी टाकलेल्या नाण्यांनी आणि कचऱ्याने त्या कुंडाचं खालचं तोंड काही प्रमाणात बुजलं, पाणी निवलं आणि कडेचा पिवळा-केशरी रंग आत सरकत आला. पूर्वीचा गर्द निळा आता मध्यापुरता. रुपया परत पर्समध्ये गेला. पाण्याला हात लावणं, काही टाकणं, खडा उचलणं, ड्रोन उडवणं यातलं काहीही चालत नाही.

टोपी उडाली तर? उडू द्या. फळीवर पालथं पडून ती ओढायला जाऊ नका, रेंजरला सांगा.

फवाऱ्याचे थेंब चष्म्यावर किंवा लेन्सवर उडाले तर लगेच पुसा. त्यात सिलिका असते. वाळली की काचेला धरून बसते. माझ्या एका चष्म्यावर अजून चार पांढरे ठिपके आहेत, "हॉटेलवर जाऊन धुऊ" म्हणाल्याचे.

वाटेवर कुठे थांबायचं हे फलकाच्या फोटोवरून ठरवा. रिव्हरसाइड फायरहोल नदीच्या काठावर आहे आणि नदीवर तिरका उडतो, सुमारे वीस मिनिटं चालतो. त्याच्या कडेवरून नदीत पाणी ओघळायला लागलं असेल तर तो तास-दोन तासांत उडणार, खूण पक्की. बीहाइव्ह गायझरचा अंदाज नसतो, पण त्याच्या शेजारचं छोटं भोक फुसफुसायला लागलं की साधारण पाव तासात ६० मीटरचा खांब उभा राहू शकतो. तिथे लोक एकदम पळताना दिसले तर तुम्हीही थांबा, विचारा.

ग्रँडसाठी मात्र बैठक मारावी लागते. जेवणाचे डबे तिथेच उघडा. शेजारचा टर्बन गायझर दर वीसेक मिनिटांनी खदखदतो, आणि ग्रँड उडतो तो साधारण त्याच सुमारास. कुंड काठोकाठ भरून त्यावर लाटा यायला लागल्या की उभे राहा. पहिला झोत थांबला की निम्मे लोक टाळ्या वाजवून निघतात. निघू नका. मिनिटभरात दुसरा झोत येऊ शकतो, आणि कधी कधी तो पहिल्यापेक्षा उंच असतो.

गवे पायवाटेला खेटून चरतात. गवा आणि एल्क (मोठं हरीण) यांच्यापासून २३ मीटर, अस्वल-लांडग्यांपासून ९१ मीटर दूर राहणं हा नियम आहे. गवा वाटेवर बसला असेल तर तुमचा मार्ग बदलतो, त्याचा नाही.

टप्पा ७ : दुसरा दिवस हाताशी असेल तर

फाउंटन पेंट पॉट. पाऊण-एक किलोमीटरच्या फेरीत चारही प्रकार दिसतात, म्हणजे कालच्या प्रदर्शनाची उजळणीच. जूनमध्ये चिखल पातळ पिठल्यासारखा असतो, ऑगस्टअखेर घट्ट होऊन त्याचे गोळे उडतात.

ग्रँड प्रिझमॅटिक. सकाळी लवकर जायचा सल्ला इथे लागू नाही. थंड हवेत वाफच वाफ असते आणि रंग दिसत नाहीत. अकरा ते तीनमध्ये, ऊन असताना जा. सुमारे ११२ मीटर रुंद कुंड कडेवरून कळत नाही, फेअरी फॉल्सच्या पार्किंगमधून वर जाणाऱ्या पायवाटेने एक किलोमीटर चढा.

नॉरिस गायझर बेसिन. ओल्ड फेथफुलपासून ४८ किलोमीटर. इथलं छोटं दगड-लाकडाचं संग्रहालय १९३० च्या सुमाराचं आहे आणि ते फक्त उबदार महिन्यांत उघडं असतं. पाणी आम्लधर्मी, गंधकाचा वास सडक्या अंड्यासारखा. दम्याच्या माणसाला इथे फार वेळ ठेवू नका. ९० मीटरच्याही वर जाऊ शकणारा स्टीमबोट गायझर इथेच आहे, पण त्याची वाट बघत बसू नका, तो दिवसचे दिवस, कधी वर्षानुवर्षं गप्प राहतो.

उद्यानाच्या कॅन्यन भागातलं व्हिजिटर सेंटर पावसाच्या दुपारसाठी राखून ठेवा. तिथे यलोस्टोनच्या ज्वालामुखीची मोठी प्रारूपं आहेत, फवारे नाहीत. सगळा भूगोल एका खोलीत दिसतो. ओल्ड फेथफुलच्या आधी तिथे नेलं तर मुलं कंटाळतात, नंतर नेलं तर "आपण काल इथे होतो" म्हणत बोट ठेवायला भांडतात.